मोठेबाबा उभे राहिले तो रविवार

माझं पहिलं ठरलेलं लग्न एका गुडघ्यानं मोडलं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आले. लोक हसतात, मीही हसते, आणि विषय संपतो. पण आज हे लिहायला बसले तर पहिल्याच ओळीला हात अडखळला. गुडघा मोठेबाबांचा होता एवढं खरं. लग्न माझं होतं हेही खरं. बाकी कोणी काय केलं आणि काहून केलं, ह्याचा उलगडा मला सत्तरी उलटली तरी झालेला नाही. वाचणाऱ्याला झाला तर त्यानं मला घरी येऊन सांगावं, चहा पाजीन.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, हवालदार शमुवेल तायडे. मी चार वर्षांची असताना वडील तापानं गेले. त्याच साली मोठेबाबा पलटणीतून पेन्शनीवर आले आणि मंगरूळच्या आमच्या दोन खोल्यांच्या कौलारू घरात त्यांनी लोखंडी ट्रंक टेकवली, ती पुन्हा उचलली नाही. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिची ड्यूटी, माझी शाळा आणि मोठेबाबांची शिस्त, ह्या तीन घड्याळांवर घर चालायचं, आणि तिन्ही घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवायची. मोठेबाबांचं सगळ्यात पुढं. पहाटेच त्यांची काठी अंगणात टकटकायला लागायची, मग विहिरीच्या रहाटाची कुरकुर, मग दाढीच्या वाटीत ब्रशची खळखळ, आणि मग चुलीपुढं बसून ते पलटणीतल्या पांढऱ्या इनॅमलच्या मगात चहा घ्यायचे. त्या चहात रात्रीची शिळी भाकर कुस्करून खायचे. मला ती आवडायची नाही म्हणून आई मला गरम भाकरीवर अंबाडीची भाजी द्यायची, वरून जवसाची चटणी आणि तेल. मोठेबाबा माझ्या ताटाकडं पाहून म्हणायचे, "मजा आहे बाप्पा रंगरुटाची." रंगरूट म्हणजे मी.

ह्या माणसाबद्दल कोणतीच गोष्ट एका उत्तरात मिळायची नाही. त्यांचा उजवा गुडघा वाकायचा नाही. आधी मला वाटायचं की ब्रह्मदेशच्या जंगलात गोळ्याचा तुकडा लागला, कारण तसं ते मला सांगायचे. आईला त्यांनी सांगितलं होतं की बरेलीला ट्रकवरून पडलो. आणि शेजारच्या गयाबाईला म्हणे त्यांनी कबूल केलं होतं की लहानपणी आसेगावच्या शिवारात बाभळीवर चढले होते, तिथून पडले. तेच ख्रिस्ती होण्याचं. आमच्या वस्तीत बाकी सगळी घरं बौद्धांची, आमच्याच भावकीतली. त्यांनी मोठेबाबांना कितीदा विचारलं, तुमी इकडं काहून येत नाही? ते म्हणायचे, "मी एका ठिकानी हजेरी देल्ली आहे." ही हजेरी कधी दिली, तर एकदा म्हणायचे लढाईतल्या दवाखान्यात, मरता मरता, पाद्रीनं डोक्यावर पाणी घातलं. एकदा म्हणायचे, आमच्या आज्याच्याच वेळचं आहे हे. मी पुढं चर्चमधलं जुनं बाप्तिस्म्याचं बाड पाहिलं, तर ती पानंच वाळवीनं खाल्लेली. आता बोला.

त्यांचा डावा कान मात्र नक्की गेलेला होता, त्याबद्दल वाद नाही. तोफेनं नेला म्हणायचे. त्या कानात कोणी ढोल वाजवला तरी त्यांना कळायचं नाही, आणि मला त्याचा मोठा आधार होता. दुपारी ते कडुलिंबाखाली खाटेवर बसायचे तेव्हा मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून भुईमुगाच्या शेंगा नाहीतर तुरीचे दाणे निवडायची आणि त्या कानात मनातलं सगळं ओतायची. शाळेतली भांडणं, आईचा राग, कोणत्या पोरानं वळून पाहिलं ते. ते समोर रस्त्याकडं पाहत बसलेले. मान हलवायचे कधीकधी, पण ती माशी बसली म्हणूनही हलायची. मंगरूळच्या दवाखान्यात पुढं मी किती माणसांची दुखणी ऐकली असतील, पण इतकं बिनबोभाट ऐकणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. ऐकत होता की नाही, ते सोडा.

रविवारी घराला वेगळाच वास यायचा. आई पहाटेच खोबरं आणि खसखस भाजायची, मटणाचा रस्सा चुलीवर बारीक आचेवर ठेवायची आणि आम्ही उपासनेला निघायचो, परत येईस्तोवर तो मुरायचा. मोठेबाबा इस्त्रीचा खाकी कोट घालायचे, बुटांना ब्रशनं खसाखसा घासायचे. घंटा वाजवायचं काम त्यांचंच. घंटा कसली, आवारातल्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा होता. तो ते मोजून बारा ठोके वाजवायचे, तेरावा कधी पडला नाही. मग आत जाऊन पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर. आम्ही बायका ह्या बाजूला, मधे वाट. गाणं ते मंडळीच्या एक ओळ मागून गायचे, प्रवचनात झोपायचे, आणि कोणी त्यांचं नाव घेतलं की काठी टेकत उभे राहायचे. उभं राहण्याची खोड पलटणीतल्या हजेरीची. शमुवेल संदेष्ट्याचा धडा असला की पाळकसाहेबांची पंचाईत व्हायची, कारण त्यात देव शमुवेलाला वारंवार हाक मारतो, आणि दर हाकेला आमचे शमुवेल उठायला लागायचे. गुडघ्यामुळं पूर्ण उठेस्तोवर पुढची ओळ वाचून झालेली असायची. पोरं तोंडात रुमाल कोंबायची. पाळकसाहेब हातानंच त्यांना बसा म्हणायचे. "बसा" म्हटल्याशिवाय ते कधी बसले नाहीत.

मी एकोणीस वर्षांची झाले आणि स्थळ आलं. मुलगा अकोल्याकडचा, शाळेत मास्तर, नाव दानिएल. बघायला आला तेव्हा त्यानं दोनदा चष्मा पुसला आणि मला विचारलं, "तुम्हाला वाचायला आवडतं का?" मी म्हटलं, आवडतं. एवढंच बोलणं. त्याचे मामा सोबत होते, लठ्ठ, हुशार, पोहे खाऊन झाल्यावर ताट चाटल्यासारखं स्वच्छ करणारे. आईला स्थळ पसंत पडलं. पडणारच. विधवा बाई, एकुलती पोर, गावात आमच्या मंडळीची बोटांवर मोजण्याइतकी घरं. माझ्या ट्रंकेत त्याच वेळी नर्सिंगच्या ट्रेनिंगचा भरलेला फॉर्म होता आणि आईला तो सापडला होता. तिनं फाडला नाही, नुसता परत घडी करून ठेवला आणि म्हणाली, "माही सारी जिंदगी लोकायच्या बेडप्यानात गेली. तुले तेच करायचं आहे काय व? माह्यामांगं तुले कोन आहे?" मला काय पाहिजे ते मला सांगता आलं नाही, हे अगदी खरं लिहिते. माणूस वाईट नव्हता. फॉर्मही वाईट नव्हता.

आता आमच्यातली रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लग्न ठरलं की सलग तीन रविवारी उपासनेत ती जाहीर सूचना वाचतात. मुलाचं नाव, मुलीचं नाव, घराण्याची नावं, आणि मग पाळकसाहेब विचारतात की ह्या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्यानं उभं राहून आताच सांगावं. क्षणभर थांबतात. कोणी उभं राहत नसतं. तो क्षण म्हणजे नुसती रीत, बाया तेवढ्यात पदर सारखा करून घेतात. (हल्ली ही सूचना मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही येते. तिथं उभं कोण राहणार? लोक अंगठा दाखवतात.)

पहिल्या रविवारी मामा मुद्दाम अकोल्याहून आले होते. गाणं झालं. पाळकसाहेबांनी कागद उघडला आणि वाचलं, "स्वर्गवासी एलिया तायडे यांची कन्या आणि हवालदार शमुवेल तायडे यांची पुतणी, कुमारी एस्तेर." मी मान खाली घातली होती. तरी वाटेपलीकडून काठी टेकल्याचा आवाज आला. मोठेबाबा उठायला लागले होते. गुडघा, काठी, बाकाची कड, पुन्हा गुडघा. तोवर पाळकसाहेब मान खालीच ठेवून पुढं वाचत गेले, हरकतीचा प्रश्न विचारला, आणि रीतीप्रमाणे मान वर करून थांबले. नेमके त्याच क्षणी मोठेबाबा ताठ उभे झाले होते. हात कोटाच्या शिवणीला. नजर समोर.

कोणी हसलं नाही. हसायचं की नाही हेच कोणाला कळेना. पाळकसाहेबांचा हात "बसा" म्हणायला अर्धा उठला आणि तिथंच राहिला, कारण हरकतीला उभ्या राहिलेल्या माणसाला बसा कसं म्हणायचं? मामांचा चेहरा भाजल्या वांग्यासारखा झाला. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. शेवटी पाळकसाहेब पुटपुटले, "उपासनेनंतर बोलू," आणि कागद दुमडला. मोठेबाबा प्रवचन संपेपर्यंत उभेच होते. त्या दिवशी झोपले नाहीत एवढं मात्र झालं.

दुपारी आमच्या अंगणात पाळकसाहेब, मामा, आई. चुलीवर रस्सा तसाच, भाकरी कोणी थापल्याच नाहीत. मी दाराआड.

"भाऊजी, तुमी उभे काहून राह्यले?" आईनं त्यांच्या उजव्या कानाशी ओरडून विचारलं.

"नाव घेतलं न. उभा झालो."

"मंग बसले काहून नाही?"

"बस कोन म्हनलं?"

मामांनी मोठा श्वास सोडला. आईच्या तोंडावर रंग आला. प्रकरण मिटलं असं मलाही वाटलं, आणि मला सुटका वाटली की निराशा, ते कळलं नाही. पण पाळकसाहेब सरळमार्गी माणूस. रीत ती रीत म्हणून त्यांनी विचारलं, "म्हणजे हवालदारसाहेब, तुमची लग्नाला हरकत नाही ना?"

मोठेबाबांनी चहाचा मग हातात फिरवला. रस्त्याकडं पाहिलं. शिरपूरची गाडी धूळ उडवत गेली, ती वळणापलीकडं जाईस्तोवर पाहत राहिले. मग म्हणाले, "सोचून सांगतो."

"म्हातारा पागल आहे काय?" मामा उठलेच. आईनं त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी असं ठरलं की पुढच्या रविवारी पाळकसाहेब सूचना पुन्हा वाचतील, पण मोठेबाबांचं नाव गाळून. मुलीचं, वडिलांचं, बस्स. म्हातारा नावाला उठतो की हरकतीला, तिथंच कळेल. बसून राहिला तर लग्न पक्कं. उठला तर मामा दुसरीकडं पाहणार. मोठेबाबांना ह्यातलं काही सांगायचं नाही, असं ते सगळं त्यांच्या समोरच ठरलं, डाव्या बाजूनं.

तो आठवडा मला अजून अंगावर येतो. आई घरात भांडी आपटायची आणि एकदम रडायला लागायची. गयाबाई कुंपणावरून विचारायची, "काय व सिस्टर, भाऊजीले पोरीचं लगन नाही पायजे काय?" आणि मी रोज दुपारी खाटेच्या डाव्या बाजूला. सोमवारी मी त्या कानात म्हटलं, मोठेबाबा, मले नाही करायचं, उठजा बरं रविवारी. मंगळवारी आईचे सुजलेले डोळे पाहिले आणि म्हटलं, नका उठू, हात जोडते. बुधवारी म्हटलं, मास्तर बरा वाटते. गुरुवारी म्हटलं, फॉर्मची मुदत संपून राह्यली. शुक्रवारी नुसतं रडले. त्यांनी ऐकलं असेल असं धरलं, तरी त्यातलं नेमकं कोणत्या दिवशीचं ऐकलं, ह्याचा मला आजही पत्ता नाही. शनिवारी मी विचारलं, तुमाले ऐकू येते काय हो? त्यांनी मानेवरची माशी हाकलली.

दुसऱ्या रविवारी चर्च भरलं होतं. आसेगावकडची दोन घरं, जी फक्त नाताळाला यायची, तीही आली होती. बारा ठोके पडले. मामा दाराशी बसले, लगेच निघता यावं म्हणून. मी वाटेच्या कडेला बसले होते आणि तिथून मला मोठेबाबांचा उजवा गुडघा दिसत होता, खाकी पॅन्टीत ताठ पुढं केलेला. मी प्रार्थना केली, पण कशासाठी केली ते सांगू शकत नाही. नुसतं "देवा, देवा" म्हणत होते. पाळकसाहेबांनी वाचलं. वडिलांचं नाव, माझं नाव, दानिएलचं नाव. मग हरकतीचा प्रश्न, आणि मान वर करून थांबले.

गुडघा हलला नाही. काठी हलली नाही. मोठेबाबा समोर पाहत बसून राहिले, गाणं ऐकत बसतात तसे. शेजारी आईनं "प्रभू" म्हणून श्वास सोडला. सगळं चर्च एकदम सैल पडलं.

आणि मी उभी होते. कधी उठले, ठाऊक नाही. मला आठवतं ते एवढंच की आईचा चेहरा अचानक खाली होता आणि ती वर माझ्याकडं पाहत होती. पाळकसाहेब आधी गोंधळले, मग हसले, म्हणाले, "बस एस्तेर बाई, बस. तुमच्या घरचीच सवय दिसते, नाव घेतलं की उठायची." मंडळी हसली. चांगलं मोकळं हसली, आठवडाभराचं तुंबलेलं. तेवढ्यात बसले असते तर आज मास्तरीण बाई म्हणून अकोल्यात असते.

"मी नावाले नाही उठली," मी म्हटलं. आवाज माझ्या कानाला दुसऱ्याच बाईचा वाटला. "हरकत आहे."

"कोणाची?"

"माही."

मामा गेले तेव्हा दार आपटल्याचा आवाज झाला. आई उठली नाही, रडली नाही, गाण्याचं पुस्तक मिटून मांडीवर ठेवून बसली. घरी जाताना ती दहा पावलं पुढं चालत होती. मी आणि मोठेबाबा मागं. मला वाटलं आता तरी ते बोलतील. नाक्याशी पोचलो. मग थांबले, मांडी चोळली आणि म्हणाले, "आज गुडघा लय दुखून राह्यला." म्हणजे काय? उठायचं होतं पण उठवलं नाही? की नुसताच दुखत होता? त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी आणि वाटीभर रस्सा खाल्ला. आम्ही दोघी मायलेकी उपाशी.

आई माझ्याशी सहा महिने बोलली नाही. काम सांगायचं असलं तर मोठेबाबांना सांगायची, आणि ते अर्धंच ऐकायचे, त्यामुळं घरात कैक वेळा मीठ दोनदा आलं आणि रॉकेल आलंच नाही. मी ट्रेनिंगला निघाले त्या सकाळी पाहिलं तर माझा पांढरा ड्रेस कडक इस्त्री करून खाटेवर ठेवलेला, आणि आई ड्यूटीवर निघून गेलेली. मी तो छातीशी धरून ओक्साबोक्शी रडले. पुढं मी चाळीस वर्षांच्या आसपास नोकरी केली, उशिरा लग्न केलं, धनजच्या माणसाशी, चांगला होता, आता नाही. दानिएल मास्तर एकदा कारंज्याच्या स्टँडवर भेटले. केस पांढरे, तोच चष्मा पुसत. त्यांनी मला चहा पाजला, मोठेबाबांची चौकशी केली, आणि मी विचारल्याशिवायच म्हणाले, "मी मनावर घेतलं नाही हां." इतका भला माणूस. परतीच्या गाडीत मला स्वतःचीच इतकी चीड आली की तिकीट कुठं ठेवलं ते सापडेना.

मोठेबाबा नव्वदीपार जगले. शेवटची दोन वर्षं घंटा दुसरा कोणी वाजवायचा आणि ते खाटेवरून ठोके मोजायचे, चुकला की शिवी द्यायचे. मी मंगरूळलाच बदली करून घेतली होती, त्यांचं अंग पुसणं, दाढी करणं माझ्याकडं. एका दुपारी दाढी झाल्यावर मी ठरवूनच त्यांच्या उजव्या बाजूला गेले, चांगल्या कानाशी तोंड नेलं आणि सरळ विचारलं, "मोठेबाबा, खरं सांगा. तुमी त्या पहिल्या रविवारी कायले उठले होते?"

कोणत्या रविवारी, हे त्यांनी विचारलं नाही. लगेच कळलं. मान माझ्याकडं वळवली, आणि डोळे असे काही उजळले की मला वाटलं, आता मिळते बाप्पा उत्तर.

"थे सोड," ते म्हणाले. "तू कायले उठली होती?"

मी तोंड उघडलं. ट्रेनिंगसाठी म्हणावं, तर ते त्या क्षणी डोक्यातही नव्हतं. मास्तर आवडला नाही म्हणावं, तर ते खोटं. तुम्ही उठला नाहीत म्हणून मी उठले म्हणावं, तर ते कसं सांगणार, आणि ते तरी खरं होतं का? मोठेबाबा माझ्या तोंडाकडं पाहत राहिले, उजवा कान पुढं करून, तळहात कानामागं धरून. इतकी वर्षं तेही हेच विचारायला थांबले होते, हे मला तेव्हा कळलं. बराच वेळ त्यांनी तो हात खाली घेतला नाही.